कागदावर हत्यारं नकोत

"सुनीती, तुझी हत्यारं माझ्या कागदावर आलीत बघ," आण्णा म्हणाले, आणि चहाची बशी खाली ठेवून त्यांनी पडद्यावर बोटानं टकटक केलं.

माझी बायको त्यांच्या समोरच लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं जीभ चावली, माउस दोनदा ओढला, आणि आण्णांच्या पडद्यावर आडवी बसलेली राखाडी पट्टी सरकत सरकत तिच्या पडद्यावर आली. पट्टीखाली दडलेली ओळ मोकळी झाली. आण्णांनी ती मोठ्यानं वाचली.

"'आज गवारीची भाजी करू का?' कर की. एवढ्यासाठी झाकून ठेवलीवतीस व्हय?"

आमच्या घरात बोलणं असं चालायचं. साठीनंतर आण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान गेले. आधी उजवा गेला, मग डाव्यानं त्याची सोबत केली. मशीन आणलं, पण त्यातून त्यांना नुसती शिट्टी ऐकू यायची, आणि शिट्टी या प्रकाराशी त्यांचं जुनं वैर होतं. मशीन डबीत गेलं ते गेलंच. मग सुनीतीनं ही युक्ती काढली.

तिचा घरातच लग्नपत्रिका जुळवायचा धंदा होता. डावीकडं लॅपटॉप, उजवीकडं त्याला जोडलेला जुना मॉनिटर. मॉनिटरवर फक्त पत्रिका दिसायची. रंगांचे, अक्षरांचे, रेघांचे सगळे टूलबार लॅपटॉपवर. "कागदावर हत्यारं नकोत," हा तिचा नियम. सुतार करवतीसकट पाट देतो का गिऱ्हाइकाला, असं ती विचारायची. तोच मॉनिटर तिनं आण्णांकडं तोंड करून ठेवला आणि घरात जो जे बोलेल ते ती टाईप करू लागली. अक्षरं टपोरी, त्यामुळं एका वेळी सहा-सात ओळीच मावायच्या. नवी ओळ खाली यायची, जुनी वर सरकायची. तिचा हात असा चालायचा की माणसाचं वाक्य संपायच्या आत आण्णा हसायला लागायचे.

एकच खोड होती. मॉनिटरची केबल जरा ढिली झाली की लॅपटॉपला वाटायचं, दुसरा पडदा वारला. मग सगळा पसारा तो आपल्याकडं ओढून घ्यायचा, आणि केबल पुन्हा बसली की वाटणी करताना घोळ घालायचा. मजकूर आण्णांकडं जायचा हे ठीक, पण त्याच्यासोबत टूलबारही तिकडं जायचे आणि नेमके खालच्या ओळींवर बसायचे. नेमके कशावर बसलेत ते सुनीतीला तिच्या जागेवरून दिसायचं नाही, कारण मॉनिटरची पाठ तिच्याकडं. आण्णांनी टकटक केली की कळायचं. म्हणून ती केबल चिकटपट्टीनं करकचून बांधून ठेवायची.

आणखी एक गोष्ट होती, ती मला माहीत होती आणि आण्णांना माहीत नाही असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. सुनीती सगळं जसंच्या तसं टाईप करायची नाही.

एकदा कवठ्याची आत्या आली होती. आत्या म्हणजे आण्णांची धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली. आल्या आल्या म्हणाली, "याचे कान गेले ते बरंच झालं. तसंही जन्मात कुणाचं ऐकलंय यानं?"

सुनीतीनं टाईप केलं : 'आत्या तुमच्या तब्येतीची चौकशी करताहेत.'

आण्णांनी पडदा वाचला, आत्याचं तोंड बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "तिला सांग, बरी हाय."

मीही कधी ऑफिसातून वैतागून यायचो आणि "आण्णा, एकच गोष्ट किती वेळा विचारता" असं म्हणायचो. पडद्यावर उमटायचं, 'शेखर दमून आलाय, मग सांगतो म्हणाला.' रात्री मी सुनीतीला चिडवायचो की तू पत्रिका छापता छापता सगळ्या जगालाच 'आपले नम्र' करून टाकलंस. ती म्हणायची, "त्यांना ऐकू येत नाही हेच पुरेसं वाईट आहे. वर आणखी वाईट कशाला ऐकवायचं?" त्यात वाईट काही होतं असं आजही मला म्हणवत नाही.

आण्णा तासगावच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते, आणि त्याआधी आमच्या भागातले खो-खोचे नावाजलेले खेळाडू. यशवंत खराडे सूर मारून खांबापाशी गडी टिपतो ते बघायला लोक बैलगाडीनं यायचे, असं म्हणतात. त्यांचा लहानपणापासूनचा मित्र रघुनाथ उपळावीकर. एकाच ताटात जेवणारे, एकाच संघातून खेळणारे. पुढं रघुनाथरावांचा गुडघा गेला आणि ते पंच झाले.

जिल्ह्याच्या अजिंक्यपदाच्या सामन्याला नेमलेले पंच आलेच नाहीत. दोन्ही संघांनी मिळून रघुनाथरावांना उभं केलं. माणूस सचोटीचा, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. सामना शेवटच्या गड्यावर आला. आण्णा त्याच्या पाठीमागं. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की मागं वळायचं नसतं. नुसता खांदा मागं फिरला तरी तो नियमभंग. आण्णांनी खांबापाशी सूर मारला, गड्याला हात लावला, आणि शिट्टी वाजली. रघुनाथराव म्हणाले, खांदा वळला होता. गडी जिवंत राहिला, वेळ संपली, चषक गेला.

चषकाचं आण्णांना एवढं नव्हतं. "मी खोटा ठरलो," एवढंच ते म्हणायचे. मैदानाबाहेर आल्यावर त्यांनी रघुनाथरावांना विचारलं होतं, "रघ्या, खरं सांग, वळला होता खांदा?" रघुनाथराव म्हणाले, "पंचानं दिला तो निर्णय." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पुढं रघुनाथराव विट्याला राहायला गेले. पन्नास वर्षं दोन गावांमध्ये एसटी रोज धावत होती, पण हे दोघे एकमेकांचा उंबरा चढले नाहीत.

आण्णांच्या पंचाहत्तरीला गावातल्या क्रीडा मंडळानं सत्कार ठरवला. मंडळाचे सचिव पतंगे घरी आले. त्यांनी शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं सांगितलं आणि शेवटी जरा घुटमळत म्हणाले, "आणि रघुनाथराव येतो म्हणालेत. आपण होऊन फोन केला त्यांनी. दोन शब्द बोलायचेत म्हणाले."

सुनीतीनं हे जसंच्या तसं टाईप केलं. आण्णांनी ते दोनदा वाचलं.

"कशाला येतोय?" त्यांनी विचारलं.

पतंगे नुसतेच हसले.

ते गेल्यावर आण्णा आम्हा दोघांना म्हणाले, "मला हार नको, शाल नको. त्यानं एकदा माणसांदेखत म्हणावं, यशवंताचा खांदा वळला नव्हता. बास. मग मी मोकळा."

सत्काराच्या दिवशी त्यांनी सकाळी दाढी केली आणि दुपारी पुन्हा केली. धोतराच्या निऱ्या तीनदा सोडल्या. सुनीती तिकडं मॉनिटर चादरीत गुंडाळत होती. ती केबलवर चिकटपट्टीचा वेढ्यावर वेढा देत होती, ते बघून मी म्हटलं, "अगं, सत्कार आण्णांचा आहे, केबलचा नाही."

"आज एक ओळ चुकून चालणार नाही," ती म्हणाली.

सभागृह भरलं होतं. आण्णांचे जुने विद्यार्थी, टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, पण रांगेत बसलेले. स्टेजवर आण्णांच्या खुर्चीसमोर तिपाईवर मॉनिटर ठेवला होता, फक्त त्यांच्याकडं तोंड करून. सुनीती स्टेजखाली कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली. मधे लांब केबल. ती सुरुवातीला वर जाऊन, आण्णांच्या पाठीशी उभी राहून बघून आली. पडद्यावर नुसता मजकूर होता, कागद कोरा करकरीत. सगळी हत्यारं तिच्याकडं.

भाषणं झाली. आण्णा वाचत होते, हसत होते, कुणी जास्तच स्तुती केली तर हातानं पुरे म्हणत होते. मग पतंगेंनी रघुनाथरावांचं नाव घेतलं.

रघुनाथराव पहिल्या रांगेत कोपऱ्यात होते. सोबत मालतीकाकी, त्यांच्या पत्नी. ते उठले, दुखरा पाय ओढत पायऱ्या चढले. या दोघांच्या अबोल्याची गोष्ट आमच्या गावात पोरासोरांनाही माहीत होती. दोन मित्र पन्नास वर्षांनी एका स्टेजवर, म्हणून फोटोग्राफर धावला. समोरून फोटो मिळावा म्हणून तो तिपाईच्या मागं शिरला आणि त्याचा पाय केबलमध्ये अडकला. मॉनिटर काळा झाला. त्यानंच वाकून केबल पुन्हा खोचली, पडदा उजळला, सुनीतीकडं बघून त्यानं अंगठा दाखवला. हे सगळं मी तिसऱ्या रांगेतून पाहिलं आणि मला वाटलं, निभावलं.

रघुनाथराव बोलायला लागले होते. माइक न धरता, आण्णांकडं वळून.

"मी त्या दिवशी पंच होतो. शिट्टी मीच वाजवली." मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "यशवंताचा खांदा वळला नव्हता. मी नीट बघितलं होतं. पण लोक म्हणतील दोस्ताला झुकतं माप दिलं, म्हणून मी भ्यालो. माझी सचोटी राखायला मी त्याला खोटा पाडला."

एवढंच. पुढं त्यांना बोलवेना. त्यांनी उजवा हात आण्णांकडं पुढं केला आणि तसाच धरला.

सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारचे शिवणकर गुरुजी डोळे पुसत होते. मी आण्णांकडं बघत होतो. ते मॉनिटरकडं बघत होते. मग त्यांनी उभ्या राहिलेल्या, टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडं बघितलं, पुन्हा मॉनिटरकडं बघितलं. घरी असते तर त्यांनी टकटक केली असती. त्यांचा हात उचलला गेलाही, पण अर्ध्यातच खाली आला. त्यांचा चेहरा असा कधी झालेला मी पाहिला नव्हता. ते उठले, अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली, आणि रघुनाथरावांच्या पुढं आलेल्या हाताकडं न बघता मागच्या दारानं निघून गेले.

टाळ्या एकदम बंद पडल्या. रघुनाथरावांनी हात हळूहळू खाली घेतला. "बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले, पण ते पुढच्या रांगेलाच ऐकू गेलं. मालतीकाकी वर गेल्या आणि त्यांना धरून घेऊन गेल्या.

मी आण्णांच्या मागं धावणार, तेवढ्यात सुनीतीनं स्टेजवरून मला हाक मारली. ती मॉनिटरच्या पुढ्यात उभी होती. मी जाऊन बघितलं. वरच्या दोन ओळी स्पष्ट दिसत होत्या : 'मी त्या दिवशी पंच होतो. शिट्टी मीच वाजवली.' आणि त्याखाली, उरलेल्या सगळ्या ओळींवर, ती राखाडी पट्टी आडवी पसरली होती. रघुनाथराव पुढं काही बोललेच नाहीत, त्यामुळं खालचं वर सरकायचा प्रश्नच आला नाही.

"टूलबार माझ्याकडून गेला ते मला कळलं," सुनीती म्हणाली. "पण ते बोलत होते. हात काढला असता तर शब्द सुटले असते."

आण्णांनी वाचलं ते एवढंच, की रघ्या आजही ताठ मानेनं सांगतोय, शिट्टी मीच वाजवली. आणि सगळं गाव उठून त्याला टाळ्या देतंय.

घरी आण्णा पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. सुनीतीनं मॉनिटर जोडला, पट्टी बाजूला केली, मजकूर लावला. मी आण्णांना हाताला धरून उठवून बसवलं. त्यांनी सगळं वाचलं. पुन्हा वाचलं. मग सुनीतीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, तू चांगली हायस," ते म्हणाले. "पण हे तू लिव्हलंस."

सुनीती मान हलवायला लागली. नाही, नाही म्हणत ती भराभरा टाईप करू लागली. आण्णांनी तिचा हात धरला.

"मला काय कळत न्हाई व्हय? माझी बहीण समोर बसून शिव्या देती, आन पडद्यावर चौकशी येती. शेखर दातओठ खाऊन बोलतो, आन पडद्यावर तो दमलेला असतो. माणसाचं तोंड दिसतं की मला. तुझं मन मोडू नये म्हणून मी कधी बोललो न्हाई. चांगलं वाटायचं मला. पण हे नको. यात नको गोड करूस."

सुनीती तिथून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिच्या मागं जाऊ शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे लोक आले. ते सांगत होते आणि सुनीती टाईप करत होती, म्हणजे पुन्हा तोच पडदा. शिवणकर गुरुजींनी स्वतःच्या हातानं पाटीवर लिहून दाखवलं. आण्णा म्हणाले, "माझेच विद्यार्थी तुम्ही. मास्तराला वाईट वाटू नये म्हणून काय वाट्टेल ते लिहाल." फोनवर शूटिंग करायची पद्धत तेव्हा आमच्याकडं रुळली नव्हती. फोटोग्राफरकडं फोटो होते. एका फोटोत रघुनाथरावांचा हात पुढं आलेला होता. आण्णा म्हणाले, "जिंकलेला माणूस हात पुढं करतोच की."

मग मी म्हटलं, चला विट्याला, त्यांच्याच तोंडून ऐका. ओठ वाचा. आण्णा बधले नाहीत. "बोलला असेल तर त्यानं इथं यावं. मी का जाऊ?"

म्हणून मीच गेलो. रघुनाथराव सोप्यात आरामखुर्चीत बसले होते. मी घडलेलं सगळं सांगितलं. केबल, फोटोग्राफरचा पाय, टूलबार. सांगता सांगता मलाच ते पोरकट वाटायला लागलं. पन्नास वर्षांचा प्रश्न, आणि मी त्यांना टूलबार म्हणजे काय ते समजावत होतो. बोटांनी हवेत पट्टी काढून दाखवत होतो.

रघुनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले. "शेखर, तू बापाचं झाकायला आलास, हे मला आवडलं. पोरानं तसंच करावं. पण पन्नास वर्षं काय पट्टीच आडवी होती का रे?"

"काका, खरंच सांगतो."

"असूदे. त्यानं पाठ फिरवली, तो त्याचा हक्कच हाय. मी काय तो हात पुन्हा पुढं करायला येणार न्हाई. माझ्यात आता एवढं बळ राहिलं न्हाई."

मालतीकाकी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

असं झालं. ज्याला सांगितलं त्याला वाटलं सूनबाईंनी गोड केलं, आणि ज्यानं सांगितलं त्याला वाटलं पोरगा झाकतोय. दोन्हीकडं आम्ही खरं बोललो होतो. खरं बोलून कुणी आपलं ऐकू नये, यासारखी हतबलता नसते. एसटीत परत येताना मला दोघांचाही राग आला होता, आणि त्याहून जास्त त्या फोटोग्राफरच्या पायाचा.

आण्णा मंडळाकडं पुन्हा फिरकले नाहीत. संध्याकाळी पोरं खेळताना दिसतील म्हणून मैदानाकडचा रस्ताही त्यांनी सोडला. सुनीती मात्र बदलली. तिनं गोड करणं सोडून दिलं. आत्या आली तर आत्याचं बोलणं तंतोतंत उमटायचं. आण्णा वाचायचे आणि म्हणायचे, "आज काय, साखर संपली व्हय?" पण त्यांचा त्या पडद्यावरचा विश्वास उडाला होता. ते आता पडद्याआधी माणसाचं तोंड बघायचे.

पुढच्या उन्हाळ्यात रघुनाथराव गेले. झोपेतच गेले. पतंगे येऊन सांगून गेले. आण्णा रात्री जेवले नाहीत. सकाळी अंघोळ करून, टोपी घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी सांग. विट्याला जाऊन येऊ. बसायला."

आम्ही भाड्याची जीप केली. सुनीतीनं मॉनिटर चादरीत गुंडाळून घेतला. दुःखाच्या घरी असा लवाजमा न्यायचा म्हणजे कसंतरीच वाटत होतं, पण आण्णा म्हणाले, "घे. तिथं काय बोलतील ते मला कळाय पायजे."

सोप्यात सतरंजीवर बायामाणसं बसली होती. आरामखुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती. आम्ही मॉनिटर मांडला तशी लोक बघायला लागले. सुनीती पुन्हा आण्णांच्या मागं जाऊन बघून आली. कागद कोरा होता. मग ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली.

मालतीकाकी समोर येऊन बसल्या. आण्णांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकींनी हात जोडले नाहीत.

"आलात, बसा भावजी," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडनं गोड व्हायचं न्हाई. ह्यांनी भरल्या सभेत सांगितलं, यशवंताचा खांदा वळला नव्हता, मी भ्यालो. ते तोंडातनं काढायला ह्यांना पन्नास वर्षं लागली. त्या शिट्टीनं ह्यांना कधी सुखानं झोपू दिलं न्हाई, ते मी बघितलंय. आन तुम्ही तो पुढं केलेला हात तसाच टाकून पाठ दाखवून गेला. घरी येऊन हे तोच हात मांडीवर घेऊन बसून होते. आता रडायला आलाय? कुठल्या तोंडानं आलाय?"

सुनीतीची बोटं थांबली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. बायकांनी माना खाली घातल्या होत्या. मग तिनं टाईप करायला सुरुवात केली. एकही शब्द गाळला नाही. 'कुठल्या तोंडानं आलाय' हेसुद्धा.

आण्णा काकींचं तोंड बघत होते. मग त्यांनी पडदा बघितला. पुन्हा तोंड, पुन्हा पडदा. दोन्ही सारखंच होतं. सुनीतीनं वर सरकून गेलेल्या ओळी पुन्हा खाली आणल्या; ते हळूहळू वाचत गेले, 'यशवंताचा खांदा वळला नव्हता'पाशी थांबले आणि तिथून हललेच नाहीत.

"सुनीती," ते म्हणाले, "यातलं तू काई बदललं न्हाईस."

सुनीतीनं 'नाही' म्हणून मान हलवली.

"म्हणजे तो बोलला होता."

काकींना काही कळेना. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी सांगायला तोंड उघडलं, पण आण्णांनी हातानं मला थांबवलं. ते उठले, भिंतीला टेकवलेल्या आरामखुर्चीपाशी गेले, आणि तिच्या उजव्या हातावर आपला हात ठेवून उभे राहिले. त्या सभेत त्यांना हे कळलंच नव्हतं, हे ध्यानात येऊन काकींनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी आण्णांसाठी पाणी आणलं. आण्णा ते उभ्या उभ्या प्यायले.

परत निघालो तेव्हा मॉनिटर जीपच्या मागच्या बाजूला बांधून ठेवलेला होता. विटं मागं पडल्यावर आण्णा सुनीतीला म्हणाले, "त्या दिवसाचं ठेवलंयस का तू? तो बोलला ते?"

तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि मजकूर लावून त्यांच्यापुढं धरला. पडदा एकच होता, त्यामुळं सगळे टूलबार तिथंच गर्दी करून बसले होते. शब्दांवर, शब्दांच्या बाजूला, खाली. तिनं घाईघाईनं एकेक बाजूला ओढायला सुरुवात केली.

आण्णांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"असूदे," ते म्हणाले. "दिसतंय मला."